सोसायटीचे दप्तर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावे : आपल्या ग्रुपवरील चर्चा

खजिनदार (ब-२०३) : सर्व सभासदांना नमस्कार. कार्यालयातील संगणकासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, हा विषय रविवारी कमिटीच्या बैठकीत आहे. खर्च सर्वांच्या मेंटेनन्समधून होणार असल्याने माझे म्हणणे आधी येथे मांडतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आपल्या तळमजल्यावरील कार्यालयात पाणी शिरले. वह्या भिजल्या, संगणक गेला. पण हिशेबाचा बॅकअप असलेला पेन ड्राइव्ह तेव्हाच्या सचिवांनी आदल्या रात्रीच तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पाणी ओसरल्यावर तो दुसऱ्या संगणकाला लावला, तेव्हा २०१२ पासूनच्या सर्व फाइली जागच्या जागी दिसत होत्या आणि त्यांतली एकही उघडत नव्हती. त्या उघडण्यासाठी तोच हिशेबाचा प्रोग्रॅम हवा होता, प्रोग्रॅमचा परवाना बुडालेल्या मशीनशी जोडलेला होता आणि ज्यांनी तो बसवून दिला होता त्यांनी तोवर व्यवसाय बंद केला होता. सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीचा, सात वर्षांचा सभासदनिहाय हिशेब आम्ही तिघांनी बँकेच्या पासबुकांवरून आणि तुम्ही जपून ठेवलेल्या पावत्यांवरून पुन्हा लिहून काढला. त्याला चार महिने लागले आणि दोन फ्लॅटच्या नोंदी आजही जुळलेल्या नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, यापुढे आपले दप्तर अशाच स्वरूपात ठेवावे, जे उघडण्यासाठी कोणाच्याही परवान्याची गरज लागणार नाही. पत्रे, नोटिसा आणि मेंटेनन्सची बिले यांसाठी लिब्रेऑफिस हा मोफत मिळणारा ऑफिसचा प्रोग्रॅमसंच वापरावा. २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच आधीच्या प्रोग्रॅमसंचाच्या कामातून वेगळे झालेल्या लोकांनी तो सुरू केला आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचे काम पाहते. त्याच्या फाइलींचे स्वरूप, म्हणजे ओडीएफ, हे २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे जाहीर मानक आहे. फाइल आतून कशी रचलेली असते हे कोणालाही वाचता येते, त्यामुळे उद्या लिब्रेऑफिस नसले तरी दुसरा प्रोग्रॅम ती उघडू शकतो. दुनोंदी हिशेबासाठी, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्यासाठी, ग्नूकॅश हा मोफत प्रोग्रॅम सुचवतो. त्याचीही फाइल उघड स्वरूपाची असते.

क-१०४ : खजिनदार साहेब, आपली तळमळ समजते. परंतु जी वस्तू फुकट मिळते तिची जबाबदारी कोण घेणार? उद्या ऐन ऑडिटच्या वेळी काही अडले, तर फोन कोणाला करायचा? त्यापेक्षा माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते नेहमीचे मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे पूर्ण पॅकेज पाचशे रुपयांत घालून देतात.

खजिनदार (ब-२०३) : काका, पाचशे रुपयांत मिळते ती चोरीची प्रत असते, हे आपण स्पष्टच बोलू या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते; तरीही नोंदणीकृत सहकारी संस्थेच्या कार्यालयात अशी प्रत असणे मला पदाधिकारी म्हणून मान्य नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि त्याच संगणकावरून आपण सोसायटीचे बँक खाते पाहतो.

‘जबाबदारी कोणाची’ हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. अडचण आली तर पहिला फोन मलाच करावा लागेल, आणि माझ्यानंतर कोण, हे रविवारी ठरवावे लागेल.

ड-२०१ : काका, ‘फुकट’ या शब्दामुळे घोटाळा होतो, म्हणून आमच्या शेतातले उदाहरण देतो. आम्ही हळद करतो. आपल्या पिकातले बेणे आपण राखून ठेवतो, पुढच्या वर्षी लावतो, शेजाऱ्याने मागितले तर त्यालाही देतो आणि त्याने त्यातून निवड करून आणखी चांगले बेणे तयार केले तर ते परत आपल्याकडे येते. बेण्याचे पैसे घेतले तरी चालतात. पण ‘हे पुन्हा लावू नकोस आणि कोणाला देऊ नकोस’ अशी अट कोणी घालत नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कांसाठी: प्रोग्रॅम कशासाठीही वापरण्याचा, आतून पाहून बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि बदललेली प्रतही देण्याचा. किंमत शून्य असणे हा त्यातला लहान भाग आहे.

सचिव (अ-४०१) : याला जोडून इतिवृत्तांची अडचण सांगते. जुन्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती, तो फॉन्ट आता आपल्याकडे नाही. काल मी २००९ ची फाइल उघडली, तेव्हा ‘ठराव क्रमांक ४’ असायला हवे तिथे रोमन अक्षरे, तिरक्या रेघा आणि कंस यांची गिचमिड दिसली. असे का होते, हे खजिनदारांनी मला समजावून सांगितले: त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूरही गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. यापुढची सर्व इतिवृत्ते मी युनिकोडमध्ये, मुक्त परवान्याच्या ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये टाइप करीन. जुनी इतिवृत्ते छापील प्रतींवरून पुन्हा टाइप करावी लागतील. त्यासाठी मला दोन जणांची मदत हवी आहे.

ब-३०२ (सीए) : सोसायटीचे ऑडिट मी करत नाही, तरी व्यवसायातला अनुभव सांगतो. ऑडिटरकडे बहुधा टॅली किंवा एक्सेल असते. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममधून एक्सेलची फाइल सेव्ह करता येते, मात्र एक्सेलमध्ये लिहिलेले मॅक्रो, म्हणजे एका बटणावर अनेक कामे करणाऱ्या आज्ञा, त्यात नेहमी जसेच्या तसे चालत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनचे (संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणाचे) कामही, संगणक बदलण्यापूर्वी, एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. पहिले वर्ष दोन्हीकडे नोंदी ठेवाव्यात आणि ३१ मार्चची शिल्लक जुळली तरच जुने बंद करावे.

खजिनदार (ब-२०३) : सर, आपली सूचना मी बैठकीच्या टिपणात शब्दशः घेतो. गेले तीन आठवडे मी घरी हेच करून पाहत आहे. बेचाळीस फ्लॅटची बिले कॅल्कमध्ये व्यवस्थित निघाली. थकबाकीवरील व्याजाचे सूत्र चालले, पण ‘सर्व बिले छापा’ हे बटण चालले नाही, कारण त्यामागे मॅक्रो होता. ते काम मी मेल मर्जने, म्हणजे एकाच नमुन्यात यादीतली नावे-रकमा आपोआप भरून, करून घेतले.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कार्यालयातल्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही, म्हणून मी त्याच वयाच्या माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत मिळणारी प्रणाली टाकली. त्यावर पाणीकपातीची आपली एका पानाची नोटीस दोन पानांवर गेली आणि सचिवांची सही एकटीच दुसऱ्या पानावर उतरली. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट तेथे नव्हता, त्याच्या जागी आलेल्या फॉन्टच्या ओळी जास्त उंच होत्या. ‘मुक्ता’ दोन्ही संगणकांवर टाकल्यावर नोटीस दोन्हीकडे सारखीच, एका पानावर आली.

अ-३०१ : मी डिझायनिंगचे काम करते, म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. माझ्या कामातले विकतचे प्रोग्रॅम मी सोडू शकत नाही. छपाईसाठी प्रेस चार रंगांच्या विभागणीची फाइल मागते आणि त्या बाबतीत गिंप हा चित्रे संपादित करण्याचा मुक्त प्रोग्रॅम अजून माझ्या गरजेला पुरत नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवाचे पत्रक आणि वर्गणीची पावती मात्र इंकस्केप या रेखाटनाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये उत्तम होते. गेल्या वर्षीची पावती मी त्यातच केली होती, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

क-१०४ : ती पावती सुबक होती, ताई. माझा आग्रह एवढाच आहे की, हे सर्व एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. ते लिहून ठेवणार असाल, तर माझा विरोध नाही, आणि पाचशे रुपयांची सूचना मी मागे घेतो.

खजिनदार (ब-२०३) : मान्य आहे, काका. कोणती फाइल कोठे आहे, बॅकअप कधी घ्यायचा आणि कोणाच्या घरी ठेवायचा, हे दोन पानांत लिहून, छापून, रजिस्टरला लावतो. बॅकअपची एक प्रत चौथ्या मजल्यावर राहील. दर तिमाहीला ती दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहायची आणि तशी सही करायची, ही माझी अट आहे.

अ-१०२ : नातवाने काल माझ्या संगणकावर लिब्रेऑफिस टाकून दिले आणि मेनू मराठीत लावून दिला. छत्तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे माझी नजर लगेच शब्दांवर गेली. काही आज्ञा अजून इंग्रजीतच आहेत आणि काही ठिकाणी शब्द मराठी असले तरी वाक्याची घडण मराठी नाही. हे सुधारायचे असेल तर अर्ज कोणाकडे करायचा?

खजिनदार (ब-२०३) : बाई, अर्ज करावा लागत नाही. त्यांच्या भाषांतराच्या संकेतस्थळावर खाते उघडले की इंग्रजी वाक्य समोर दिसते आणि त्याखाली आपले मराठी वाक्य सुचवता येते. तपासून स्वीकारले गेले तर ते पुढच्या आवृत्तीत सर्वांना मिळते. खटकलेले शब्द तोवर एका वहीत उतरवून ठेवा. मी आज संध्याकाळी सात वाजता येतो आणि खाते उघडून देतो.

अ-१०२ : वहीची चार पाने झाली आहेत. सातला या, चहा ठेवते.