तंबोऱ्याला क्लिपचा ट्यूनर लावल्यावर खर्जाच्या तारेवर भलताच स्वर दिसतो : मदत हवी आहे

नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका गावात राहते आणि आमच्या महिला भजनी मंडळात तंबोऱ्याची साथ करते. तंबोरा मिरजेचा आहे, जुना असला तरी आवाजाला भरदार आहे. आम्ही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गातो. त्यामुळे जोडाच्या (मधल्या, षड्जाच्या) दोन्ही तारा आणि खर्ज (खालच्या षड्जाची जाड तार) जी शार्पला व पहिली तार पंचमाची, डी शार्पला. देवळाच्या सभामंडपात भजनाला बसण्यापूर्वी एकीकडे पखवाज लावणे चालू असते, दुसरीकडे ध्वनिक्षेपकाची चाचणी, आणि त्या गोंगाटात मोबाइलवरचे अॅप काहीच कामाचे राहत नाही, कारण त्याचा मायक्रोफोन सगळेच आवाज ऐकतो. म्हणून गिटारवादक वापरतात तसला क्लिपचा ट्यूनर घेतला. तो लाकडातली कंपने थेट घेत असल्याने बाहेरच्या आवाजाने बावचळत नाही, हे अनुभवाला आले आहे.

अडचण वेगळीच आहे. जोडाच्या तारा छेडल्या की ट्यूनर बहुतेक वेळा जी शार्प दाखवतो, पण मध्येच डी शार्पवर उडी मारतो आणि काटा मध्याच्या किंचित उजवीकडे थांबतो. खर्जाच्या तारेवर तर तो जी शार्प क्षणभरच दाखवतो आणि मग सरळ सी दाखवू लागतो, तोही बराच उतरलेला. तार कानाला सुरेल वाटत असताना हे घडते. ट्यूनर क्रोमॅटिकवर (बाराही स्वर दाखवणारा) ठेवलेला आहे, आधारस्वर (ए) ४४० हर्ट्झवर आहे आणि बटणसेल नवा आहे. शिवाय आमच्या तंबोऱ्याची दांडी इतकी रुंद आहे की क्लिप तिच्यावर बसतच नाही. सध्या ती पंचमाच्या खुंटीला लावते, पण खुंटी पिळताना ट्यूनरही फिरतो आणि पडदा दिसेनासा होतो.

तंबोरा कानानेच लावावा, हा सल्ला मला मान्य आहे आणि घरी मी तसाच लावते. प्रश्न फक्त गोंगाटातला आहे. ट्यूनर सदोष आहे, जवारी (तारा टेकतात त्या घोडीमुळे येणारा झंकार) बिघडली आहे, की अशा वाद्यासाठी हे साधनच योग्य नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, मडगावहून :

ताई, ट्यूनर सदोष नाही आणि जवारीही बिघडलेली नाही. उलट ती चांगली बोलते आहे, म्हणूनच हे घडते. खर्जाची मूळ कंपनसंख्या काळी चारमध्ये सुमारे १०४ हर्ट्झ असते. तिच्या पाचपट म्हणजे ५१९ हर्ट्झच्या आसपास आपला स्वयंभू, म्हणजे त्याच तारेतून आपोआप उमटणारा गांधार येतो. ट्यूनर ज्या समान विभागणीच्या सप्तकावर चालतो त्यातला सी ५२३ हर्ट्झचा आहे, म्हणून हा गांधार त्याला सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला दिसतो. जोडाच्या तारेवर दिसणारा डी शार्प हा तिसरा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारा तिप्पट कंपनसंख्येचा स्वर आहे. शुद्ध पंचम समान विभागणीतल्या पंचमापेक्षा दोन सेंटने चढा असतो, त्यामुळे काटा किंचित उजवीकडे जातो. आपण नोंदवलेल्या दोन्ही खुणा या हिशेबाशी तंतोतंत जुळतात. अशा वेळी खुंटीला हात लावू नये.

ट्यूनरला मूळ स्वर ऐकवायचा असेल तर जवारीचे दोरे (तारांखाली घातलेले) घोडीवरून तात्पुरते बाजूला सरकवा, तार बोटाच्या गादीने अगदी हळू छेडा आणि एका वेळी एकच तार वाजू द्या. बाकीच्या तिन्ही तारा तळहाताने दाबून ठेवा. तरीही उपस्वर पूर्ण जाणार नाहीत. घोडीच्या पसरट पृष्ठभागावर तार घासत राहते आणि छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटायला नकोत तेही उमटतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्याबाबत हेच निरीक्षण मांडले होते. म्हणून माझा सल्ला असा की ट्यूनर जोडाच्या एकाच तारेपुरता वापरावा. छेडल्याबरोबरचा चढा स्वर सोडून द्यावा, काटा स्थिरावला की वाचावा, आणि उरलेल्या तारा त्या एका तारेशी कानाने मिळवाव्यात. पंचम तर काट्यावर लावूच नये, कारण तो मध्यावर आणलात तर दोन सेंटने उतरलेलाच राहील. फरक अगदी थोडा आहे, पण तंबोऱ्याच्या अखंड नादात तो लपत नाही.

मी स्वतः व्हायोलिन वाजवतो. तिथे हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण त्या घोडीवर तार एका कडेवर टेकलेली असते.

प्रतिसाद, डिचोलीहून :

वरील विवेचन योग्य आहे. एक भर घालतो. भजनाला पेटी असेल तर ४४० चा आग्रह धरू नका. जुन्या पेट्यांच्या स्वरपट्ट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात, आणि मग तंबोरा ट्यूनरप्रमाणे अचूक असूनही पेटीशी भांडत राहतो. क्लिप पेटीच्या लाकडी कडेला लावा, पांढरी सहा (ए) दाबून धरा आणि काटा मध्यावर येईपर्यंत आधारस्वराचा आकडा ४४१, ४४२ असा बदलत जा. त्यानंतरच ट्यूनर तंबोऱ्याला लावा. क्लिप ज्या तारेची खुंटी पिळायची आहे तिच्यावर न लावता शेजारच्या खुंटीवर लावली की पडदा फिरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेने खुंट्या फुगून अडकतात किंवा एकदम झटका देऊन सुटतात. खुंटी काढून तिला खडूची पूड चोळली तर ती नीट फिरते. शेवटचा बारीक फरक तारांत ओवलेल्या मणक्यांनीच काढा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोरे बाजूला सरकवून हळू छेडल्यावर जोडाची तार आता डी शार्पवर जात नाही. खर्ज अजूनही अधूनमधून सी दाखवतो, पण तो गांधार आहे हे कळल्यावर तिकडे दुर्लक्ष करणे सोपे झाले. एकच शंका उरली आहे : भजन संपेपर्यंत क्लिप खुंटीवरच राहू दिली तर तिच्या रबराचा पॉलिशवर डाग पडेल का?

प्रतिसाद, मडगावहून :

पडू शकतो, विशेषतः चपड्याच्या जुन्या पॉलिशवर आणि उकाड्यात. लावून झाले की क्लिप काढून ठेवावी, आणि लावतानाही मध्ये सुती कापडाची पातळ घडी ठेवावी. कंपने तिच्यातूनही पुरेशी पोहोचतात.