ठराव आधी शाळेत, मग ग्रामसभेत

'शाळेचा विषय काढला की सरपंच शिक्षण खात्याकडे बोट दाखवतात, म्हणून ग्रामसभेला जाण्यात अर्थ नाही' हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. बोट दाखवतात हे खरं, पण आपणही बहुतेक वेळा हात हलवत जातो आणि तोंडीच बोलतो. शाळा व्यवस्थापन समितीचा उल्लेख अशा वेळी कुणी करत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पाऊणशे टक्के, म्हणजे १०० पैकी ७५, पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम. मुख्याध्यापक सचिव असले तरी अध्यक्ष पालकांमधलाच असतो.

आमच्या गावात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. दोन वर्षं नुसती तक्रार चालली. मग समितीत लेखी ठराव केला, तोच ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडला (ही सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तरी कित्येक गावांत ती फक्त कागदावर होते, याची मला फार चीड येते) आणि ग्रामसभेत इतिवृत्तात नोंदवून घेतला. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता, त्यामुळे 'पैसे नाहीत' म्हणायला जागा उरली नाही. टाकी आणि नळजोडणी ग्रामपंचायतीच्या पुढच्या आराखड्यात आली. तुमच्या शाळेतल्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, ते आधी विचारा. ती दर महिन्याला व्हायला हवी.