रसग्रहण पाठ करून घेण्याबद्दल

दहावीच्या कुमारभारतीत (मराठीच्या पाठ्यपुस्तकात) मुलं स्वमत (स्वतःचं मत मांडायचे प्रश्न) आणि रसग्रहणात (कवितेचं सौंदर्य उलगडून सांगण्यात) अडकतात, म्हणून अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरचे, उतारे जास्त सोडवून घ्यावेत, असं एक मत आहे. अर्धंच पटलं. उताऱ्यावरचे आकृतिबंध, ओघतक्ते (उत्तरं चौकटींत लिहायच्या आकृत्या) बरीच मुलं न वाचताच भरतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तिथलं वाक्य उचलायचं. गुण मिळतात, त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे चांगलेच आहेत. पण गाईडमधलं 'कवीने साध्या, ओघवत्या भाषेत...' हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येतं!

त्यापेक्षा एकच वाक्य घ्या. 'आजीने पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.' बातमी कशी असेल? निम्मी मुलं 'वाईट' म्हणतील, काही 'नेहमीचीच'. मग विचारायचं, कोणत्या शब्दावरून? 'नीट' की 'पुन्हा'? 'नीट' काढून वाचलं तर काय बदलतं? इथे वाद होतो, आणि गाईड उघडून उपयोग नसतो. हे पाचवीपासूनही जमतं. दहावीच्या दिवाळीनंतर सुरू केलं, तर मात्र पाठांतराशिवाय पर्याय उरत नाही.