रिमवर्ल्ड: कपडे पूर्णपणे बिलांवर (कामाच्या कायम आज्ञांवर) सोडावेत का?

कापूसकोंड्या
रिमवर्ल्ड या वसाहत चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये कॉलनी दहा-बारा माणसांची झाली की कपड्यांकडे जातीनं बघणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. अंगावरचा कपडा ५० टक्क्यांखाली झिजला की मूड पडतो, २० च्या खाली गेला की आणखी पडतो. ऐन रेडच्या (शत्रूच्या हल्ल्याच्या) वेळी कोणाची पँट फाटली हे शोधत बसायचं का?

माझी रचना साधी आहे. शिलाईच्या टेबलावर 'डू अनटिल एक्स' (साठा एक्स नगांचा होईपर्यंत शिवत राहा) प्रकारचं बिल लावायचं आणि एक्स ठेवायचा दोन किंवा तीन. अंगावरचे कपडे मोजायचा पर्याय बंद ठेवायचा. म्हणजे तो आकडा फक्त शिलकीचा राहतो, आणि माणसं वाढली तरी बदलावा लागत नाही. अपॅरल पॉलिसीत (कोणी काय घालायचं याच्या नियमात) टिकाऊपणाची खालची मर्यादा ५१ टक्के करायची, की झिजलेला कपडा माणूस आपणहून काढून टाकतो आणि नवा घालतो.

रात्रपाळी
तुमच्या रचनेत एक मोठं भोक आहे. काढून टाकलेले कपडे जातात कुठे? स्टॉकपाइलमध्येच (साठवणीच्या जागेत). मग ४० टक्के उरलेले तीन शर्ट बघून बिल म्हणतं, साठा पूर्ण आहे. शिलाई थांबते आणि माणसं उघडी फिरतात. मेलेल्या रेडरच्या अंगावरून काढलेल्या कपड्यांचंही तेच.

कापूसकोंड्या
@रात्रपाळी, बिलाच्या तपशिलात टिकाऊपणाची तीच ५१ टक्क्यांची मर्यादा लावता येते आणि मृताचे कपडे मोजणंही बंद करता येतं. पॉलिसी आणि बिल, दोन्हीकडे एकच आकडा हवा. उरलेली लक्तरं जाळायचं बिल क्रिमेटोरियमला (दहनभट्टीला) द्या.

मोकळं_रान
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. कारागिराला सर्जनशीलतेची प्रेरणा मिळते, तेव्हा त्याच्या हातून होणाऱ्या पुढच्या वस्तूचा दर्जा दोन पायऱ्या चढतो. खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट. आणि तुमचं बिल ती ४० कापडाच्या साध्या टी-शर्टवर उधळून टाकतं! त्या क्षणी डेव्हिलस्ट्रँड या मजबूत कापडाचा डस्टर (लांब कोट) हाती घ्यायला हवा.

डेव्हिलस्ट्रँड म्हणजे काही कापूस नव्हे. आधी संशोधन, मग लागवडीचं कौशल्य किमान १० असलेला माणूस. वाढीचा मूळ आकडा साडेबावीस दिवसांचा, पण झाडं रात्री विश्रांती घेतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून खूपच जास्त लागतात. गेममधलं वर्षच ६० दिवसांचं. एवढ्या वाट बघण्यानंतर एका डस्टरला ८० नग जातात. तो माल कोणत्या कपड्याला आणि कोणाच्या अंगावर, हे मी स्वतः ठरवणार.

कापूसकोंड्या
डेव्हिलस्ट्रँडबाबत मान्य. पण म्हणून सगळंच हातानं का? रोजच्या कपड्यांच्या बिलात कच्चा माल फक्त साधं कापड ठेवा. कौशल्याची मर्यादा घालून ती बिलं नवशिक्यांना द्या. उत्तम शिंपी मोकळा राहील, प्रेरणा आली की डस्टरचं बिल त्याच्या नावावर लावा.

रात्रपाळी
नवशिक्यांच्या हातचे शर्ट निकृष्ट निघतात, त्याचं काय? बिलात दर्जाची अट घातली तर निकृष्ट माल मोजला जात नाही आणि तो बिचारा कापड संपेपर्यंत शिवतच राहतो. अट नाही घातली तर कॉलनीभर तेच कपडे.

पाणवठा
रात्रपाळी यांना +१. शिवाय संपत्तीचा मुद्दा कोणीच काढला नाही. रेडची ताकद कॉलनीच्या संपत्तीवर ठरते. इमारती त्यात निम्म्या किमतीनं धरतात, वस्तू मात्र पूर्ण. मोठ्या प्रमाणावरची स्वयंचलित शिलाई म्हणजे कोठारात पडून राहिलेली संपत्ती, आणि ती शत्रूला बोलावते.

कापूसकोंड्या
@पाणवठा, म्हणूनच तर एक्स दोन-तीन ठेवा म्हणतोय. बिल तिथे थांबतं. हातानं शिवणारेच हिवाळ्याच्या धास्तीनं वीस पार्का (थंडीचे जाड कोट) एकदम शिवून ठेवतात.

@रात्रपाळी, दर्जाची अट नकोच. कापसाचा साधा शर्ट निकृष्ट असला तरी उघड्या अंगापेक्षा बरा, आणि शिवता शिवता हात तयार होतो.

मोकळं_रान
हात तयार होतो हे खरं. पण अर्धवट शिवलेला कपडा ज्याचा त्यालाच पूर्ण करावा लागतो. तुमचा नवशिका रेडमध्ये जखमी होऊन अंथरुणाला खिळला, तर त्याचं कापड तसंच अडकून राहतं. लहान कॉलनीत ऐन थंडीत हे परवडत नाही. दहा माणसांपर्यंत मी हातानंच शिवून घेणार. त्यापुढे तुमची पद्धत करून बघेन, तीही फक्त शर्ट-पँटपुरती.