सीझर, फिट, आकडी की अपस्मार?

निशिगंध
वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं करतेय. विषय असा: गर्भात मेंदू आणि मेरुरज्जू कसे घडतात, त्यात काय बिघडतं आणि फिटच्या औषधांचा त्याच्याशी काय संबंध. एका वाक्यावर अडलेय. फिट येणारी बाई व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेत असताना तिला दिवस राहिले, तर बाळाची न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात ती नळी, नीट न मिटण्याचा धोका वाढतो. शंभरात साधारण एक-दोन बाळांत हा बिघाड दिसतो. फिटसाठीचा इंग्रजी शब्द 'सीझर' मी तसाच ठेवला होता. वाचणाऱ्या मैत्रिणीला वाटलं, बाईचं सिझेरियन झालंय! प्रसूतीच्या प्रकरणात हा घोळ चालणार नाही. सीझर, कन्व्हल्जन (अंगाला झटके येणारी फिट) आणि एपिलेप्सी (पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) यांना वेगवेगळे शब्द हवेत. शिवाय न्यूरल ट्यूबला काय म्हणू, 'मज्जानलिका' की 'चेतानलिका'?

पाणंद
'फिट'च ठेवा. आमच्याकडे साताऱ्यात नव्वदीची आजीसुद्धा "त्याला फिट आली" म्हणते. शब्दाला स्त्रीलिंग मिळालं, 'येणे' हे क्रियापद मिळालं, आता तो आपलाच.

रानजाई
विदर्भात आमच्याकडे मिरगी म्हणतात. मुलांना तापात येते ती मात्र आकडी. माझ्या मावसभावाला आकडी आली की घरचे कांदा नाहीतर चप्पल हुंगवायचे. आकडी हा शब्द आकड्यावरून आला असणार, हात तसेच वळतात ना.

शब्दवेल्हाळ
आकडा की आकसणे, ते राहू दे. आपल्याकडे 'अपस्मार' असताना फिट कशाला? चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. स्मृती हरपते तो अपस्मार. इतका नेमका शब्द इंग्रजीत नाही.

वॉर्ड क्रमांक सात
नेमका कसा? मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या काही फिटमध्ये माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. हात उडताना त्याला दिसतो, नंतर सगळं आठवतं. तिथे स्मृती कुठे हरपली?
आणि अपस्मार हा आजार आहे, फिट हा प्रसंग. एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नव्हे. कारणाशिवाय दोन फिट, त्याही २४ तासांहून जास्त अंतराने आल्या, तर सहसा ते निदान करतात. तापातली आकडी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना येते आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. त्या आईसमोर 'मिरगी' म्हणाल तर ती मुलाच्या लग्नापर्यंतची काळजी करत बसेल. 'आकडी' हा वेगळा शब्द आहे हे मराठीचं भाग्य, तो जपा.
'झटका' कृपा करून नको. हृदयविकाराचाही झटका, पक्षाघाताचाही झटका. शिवाय वर्गात बसलेलं मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, तीही फिटच. त्यात झटका कुठला?

शब्दवेल्हाळ
व्युत्पत्तीवर शब्द मोडीत काढायचे तर मलेरियाही काढा, त्याचा अर्थ 'वाईट हवा'. मध्य प्रदेशात २०२२ साली हिंदीत वैद्यकीय पुस्तकं आली, तिथे इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवले. आपण तेच करायचं का?

पाणंद
त्या मुलांना पुढे इंग्रजी ग्रंथ वाचायचेच आहेत. त्यांची वाट का अडवायची?

निशिगंध
न्यूरल ट्यूबचं कोणी सांगेल का?

मोगरी
शाळेत विज्ञान शिकवते. बालभारतीत चेतासंस्था, चेतापेशी आणि मेरुरज्जू आहे, म्हणून चेतानलिका. 'मज्जा' म्हटलं की मुलं हाडातली अस्थिमज्जा समजतात.

रानजाई
घरोघरी मात्र मज्जातंतूच म्हणतात.

वॉर्ड क्रमांक सात
शब्द कुठलाही घ्या, पण ती नळी सुरुवातीला नळी नसते हे जरूर लिहा. आधी सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलतात आणि करंजीसारख्या एकमेकींना चिकटतात, मानेच्या भागापासून वर आणि खाली. डोक्याकडचं टोक गर्भधारणेनंतर २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं २८व्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी घडतच नाही. खालचं राहिलं तर कणा दुभंगलेला. एवढं सगळं होईपर्यंत बाईला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं. म्हणून फॉलिक आम्ल दिवस राहण्याआधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीचं बाळ असं झालेलं असेल तर डोस कितीतरी मोठा. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत ४ मिलिग्रॅमने पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता.
आणि हे ठळक लिहा: व्हॅल्प्रोएट कुणीही मनाने बंद करू नये. गरोदरपणात मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. औषध बदलायचं ते डॉक्टरांनी, तेही दिवस राहण्याआधी.

मोगरी
अशा बाळांबद्दल वापरतात तो 'जन्मदोष' हा शब्द मला फार खटकतो. 'दोष' म्हटलं की आई विचारते, माझा काय दोष? माझ्या वहिनीच्या बाळाचा ओठ दुभंगलेला होता. ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, असं सासरी वर्षानुवर्षं ऐकवलं तिला.

पाणंद
मग 'व्यंग'?

मोगरी
ते तर आणखी वाईट. व्यंग माणसाला चिकटतं. 'जन्मजात फरक' म्हणा.

वॉर्ड क्रमांक सात
फरक नाही चालणार. कण्यातून मज्जा बाहेर आलेल्या बाळावर तातडीने शस्त्रक्रिया लागते, तिथे 'फरक' म्हटलं तर आईबाप घरी घेऊन जातील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा बिघाडही आहे आणि फिटही. अंगणवाडी ताईला समजेल असा शब्द हवा.

मोगरी
'बिघाड' तुम्हीच वापरलात की. मुलाला बिघडलेलं म्हणायचं?

शब्दवेल्हाळ
पाहा, तुम्हीसुद्धा 'कण्यातून मज्जा' लिहिलंत! म्हणजे मज्जानलिकाच बरोबर.

रानजाई
फेफरे राहिलंच की. आमची आत्या अजून म्हणते, पण शिवी म्हणून. "फेफरं आलंय का तुला?" तुमच्याकडे कुणी आजारासाठी वापरतं का?