गांडूळ, जंत आणि पट्टकृमी हे एकमेकांचे नातलग आहेत का?

प्रश्न
गांडूळ, पोटातील जंत आणि पट्टकृमी या तिघांनाही पाय नाहीत, हाडे नाहीत आणि शरीर लांबट व मऊ असते. तरीही त्यांना तीन वेगवेगळ्या संघांत (प्राण्यांच्या वर्गीकरणातील मोठ्या गटांत) ठेवलेले आढळते. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी केला आहे, की त्यांची वंशपरंपरा खरोखरच वेगळी आहे? शिवाय गांडुळाचे दोन तुकडे केल्यास दोन गांडुळे होतात असे सर्रास सांगितले जाते, त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १
आपल्यासारखीच समजूत सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याचीही होती. त्याने 1758 साली कृमी, गोगलगाई आणि इतर अनेक मऊ प्राणी 'व्हर्मीस' या एकाच गटात कोंबले होते. प्रत्यक्षात 'कृमी' हा शब्द प्राण्याचा आकार सांगतो, नाते सांगत नाही.

फरक पाहायचा असेल तर त्यांची चाल पाहावी. गांडुळाचे शरीर आतून पडद्यांनी विभागलेले असते आणि प्रत्येक वलयात द्रव भरलेला असतो. वर्तुळाकार स्नायू आवळले की वलय बारीक होऊन लांबते, लांबीच्या दिशेचे स्नायू आवळले की ते आखूड व जाड होते, आणि तेवढ्या वेळात बारीक ताठ केस मातीत रुतून पकड देतात. जंताकडे वर्तुळाकार स्नायूच नाहीत. त्याच्या चिवट आवरणाखाली द्रवाचा मोठा दाब असतो, त्यामुळे त्याला गांडुळासारखे लांब-आखूड होत पुढे सरकता येत नाही. तो नागमोडी वळवळतो. हे आवरण ताणण्याला मर्यादा असल्याने प्रौढ होईपर्यंत तो चार वेळा कात टाकतो. 1997 साली जनुकीय तुलनेवरून असे मांडण्यात आले की कात टाकणारे गोलकृमी (जंत ज्यांत मोडतो तो गट) हे कीटक व खेकड्यांच्या शाखेत बसतात, तर गांडूळ गोगलगाई-शिंपल्यांच्या शाखेत. म्हणजे दिसायला कितीही विचित्र वाटले तरी जंताचे नाते गांडुळापेक्षा झुरळाशी अधिक जवळचे आहे.

प्रतिसाद २
तुकड्यांविषयी: गांडुळाची दोन गांडुळे होत नाहीत. डोक्याकडील भाग पुरेसा लांब उरला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते, परंतु शेपटीकडील तुकडा काही काळ वळवळून बहुधा मरतो. त्या वळवळण्यामुळेच हा गैरसमज टिकून राहिला असावा. गोड्या पाण्यातील प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या बाबतीत मात्र ही गोष्ट खरी आहे, कारण त्याच्या शरीरभर अशा मूळ पेशी विखुरलेल्या असतात ज्यांपासून डोक्यासह कोणताही अवयव पुन्हा घडू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता
दोन्ही उत्तरांबद्दल आभार. पट्टकृमीला तर तोंड किंवा आतडेही नसते असे वाचले. मग तो या सर्वांत सर्वांत आदिम मानावा का?

प्रतिसाद ३
साधी रचना म्हणजे जुनी रचना, असे गृहीत धरू नये. पट्टकृमीचे मुक्तपणे जगणारे नातलग, उदाहरणार्थ वर आलेला प्लॅनेरिया, यांना तोंड व आतडे असते. पट्टकृमीच्या पूर्वजांनी ते पुढे गमावले, कारण यजमानाच्या (ज्याच्या शरीरात तो राहतो त्या प्राण्याच्या) आतड्यात पचलेले अन्न त्वचेतूनच शोषता येते. त्याची प्रजननसंस्था मात्र मुळीच साधी नाही: शरीराच्या बहुतेक खंडांत नर आणि मादी अशा दोन्ही इंद्रियांचा स्वतंत्र संच असतो.

हीच गोष्ट गांडुळाच्या दूरच्या भाऊबंदांतही घडलेली आहे. 1977 साली गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी दोन मीटरांपर्यंत वाढणारे नलिकाकृमी सापडले. प्रौढपणी त्यांनाही तोंड-आतडे नसते. शरीरात राहणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडमधील ऊर्जा वापरून अन्न तयार करतात. सुरुवातीला त्यांच्यासाठी वेगळा संघ सुचवला गेला, परंतु आता त्यांची गणना वलयी प्राण्यांतच, म्हणजे गांडुळाच्याच संघात, होते. जळूचेही तसेच: तिच्या अंगावर गांडुळासारखे केस नसले, तरी तिचे पूर्वज गांडुळांच्याच कुळातील होते.