मदत हवी आहे: 'रेसिडेंट डॉक्टर'ला मराठीत काय लिहू?

राजवाडा_इंदूर: उद्या दुपारी छपाईला द्यायचंय, लवकर सांगा. 'निवासी डॉक्टर' लिहिलं तर घरचे विचारतात, "कुठले निवासी?"

सराफा_रात्री_११: कशाची छपाई? वाक्य तरी टाका.

मांडवी_बडोदा: निवासी डॉक्टरच. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं हेच छापतात. एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, मग एमडी-एमएसची ३ वर्षं वॉर्ड सांभाळणारे ते. पूर्वी रुग्णालयातच मुक्काम असायचा, म्हणून रेसिडेंट.

लष्कर_ग्वाल्हेर: आपल्याकडे मध्य प्रदेशात 'निवासी' म्हटलं की मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे रहिवासाचा दाखला, आठवतं हो. इंदूरच्या एमवाय किंवा ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात कोण म्हणतं निवासी? सरळ 'जूनियर डॉक्टर' लिहा. संप झाला की पेपरात 'जूडा', म्हणजे जूनियर डॉक्टरांची संघटना, येतंच.

मांडवी_बडोदा: मग सीनिअर रेसिडेंटला काय, ज्येष्ठ जूनियर? आणि जूनियर म्हटलं की लोकांना शिकाऊ पोरगं वाटतं. आमच्याकडे रेसिडेंसीच्या वर्षाप्रमाणे आर-१, आर-२, आर-३ म्हणतात, भानगडच नाही.

शुद्धलेखन: 'आवासी वैद्य' हा उत्तम प्रतिशब्द आहे.

लष्कर_ग्वाल्हेर: वैद्य लिहा, लोक काढा मागायला येतील.

तोपखाना: मूल निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रात मिळतं. समग्र आयडी बरोबर न्या.

राजवाडा_इंदूर: ते कुठे विचारलंय मी! मंडळाचं पत्रक आहे, ज्येष्ठांसाठी. वाक्य: "रात्री वॉर्डात काही विचारायचं असल्यास रेसिडेंट डॉक्टरांना भेटा."

सराफा_रात्री_११: हे आधी सांगायचं ना. मग भाषांतर करूच नका, वॉर्डात सिस्टर जो शब्द समजते तो लिहा: 'जेआर', म्हणजे जूनियर रेसिडेंट. केसपेपरवर युनिटच्या, म्हणजे रुग्ण ज्या डॉक्टरांच्या गटाकडे आहे त्याच्या, प्रमुखाचं नाव असतं, पण रोजच्या नोंदी आणि सह्या बहुतेक जेआरच्या. त्यामुळे युनिटचा नंबर वाचून "या युनिटचे ड्यूटीवरचे जेआर कोण?" असं विचारायचं. नुसतं "डॉक्टर कुठेत?" विचारलं तर इंटर्नकडे बोट दाखवतील, आणि उपचार बदलणं त्याच्या हातात नसतं. जेआरच्या वर एसआर, म्हणजे सीनिअर रेसिडेंट, त्याचं एमडी-एमएस झालेलं असतं. एक मात्र सांभाळा, 'निवासी वैद्यकीय अधिकारी' लिहू नका. तो आरएमओ. खासगी नर्सिंग होममध्ये त्याचा अर्थ ड्यूटी डॉक्टर, एमडी करणारा नव्हे.

मांडवी_बडोदा: ड्यूटीचं म्हणाल तर १९९२ च्या केंद्रीय रेसिडेंसी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. पाळतं कोण?

राजवाडा_इंदूर: 'आपल्या युनिटचे ड्यूटीवरचे रेसिडेंट डॉक्टर, म्हणजे जेआर' असं छापतोय.

शुद्धलेखन: 'ड्यूटी'ला 'पाळी' आहे की.